घरटी एक माणूस

काठी देवचंदच्या पाठीवर पडली तसं तलावाच्या पारीवर बसलेल्या बायाबापड्यांच्या तोंडून "अगागागा" निघालं. देवचंदनं डोळे मिटून घेतले आणि गुडघ्यांभोवती घातलेली हातांची मिठी आणखी आवळली. खेमराजनं पुन्हा काठी उचलली. त्याच्या अंगात दंडारीच्या पेटीतला खाकी कोट होता, डोक्याला लाल पगडी होती, आणि तोंडात फौजदाराला शोभतील अशा शिव्या होत्या. त्यातल्या काही खऱ्या फौजदारानंही कधी ऐकल्या नसतील.

"उठ! सरकारचं गवत तुया बापाचं हाये का?"

"गवत आमच्या जंगलाचं हाये. आमी उठत नाई."

पुढची काठी बसली ती मात्र नाटकातली नव्हती. देवचंदच्या उघड्या पाठीवर वळ उठला, तो लांबून पाहणाऱ्यांनाही दिसला.

"बस गा, बस!" बकाराम मधे पडला. "तालीम हाये थे. धानाच्या पान्याचं वैर इथी नोको काढू."

लोक हसले. खेमराजही हसला, पण जरा उशिरानं. त्याचं आणि देवचंदचं शेत बांधाला बांध लागून होतं आणि दोघांना पाणी एकाच पाटाचं. कोणी कोणाचं पाणी चोरलं हे गावाला कधी ठरवता आलं नाही, आणि त्या दोघांनाही आता नीट आठवत नसावं. भांडण मात्र धडधाकट होतं.

तालीम होती मार खायची. एरवी बकाराम दंडार, म्हणजे झाडीतलं सोंगांचं नाटक, बसवायचा. दिवाळी झाली की गावागावांतून मंडईची जत्रा भरायची आणि त्याची दंडार रात्रभर लोकांना जागेवरून हलू द्यायची नाही. एकोणीसशे तीस सालच्या भादव्यात त्यानं ती पेटी अवेळीच उघडली होती. धानाचे रोवणे आटोपले होते, बैलांची हाडं वर आली होती, आणि सरकारी राखीव जंगलात गवत कमरेइतकं माजून उभं होतं. त्याला विळा लावायची बंदी. जनावर आत शिरलं की जंगलखात्याचा नाकेदार ते हाकलत थेट कांजीहाऊसात नेऊन कोंडायचा. आता गोंदियाच्या काँग्रेसवाल्यांनी ठरवलं होतं, की आसपासच्या गावांनी एकाच सकाळी जंगलात शिरायचं, उघडपणे गवत कापायचं, आणि पोलीस आले की भारे पुढ्यात ठेवून खाली बसायचं. मार पडला तर खायचा, धरून नेलं तर जायचं.

दोन वर्षांपूर्वी या गावानं असाच एक पराक्रम करून पाहिला होता. नाकेदाराला जाब विचारायला सगळं गाव निघणार होतं. प्रत्यक्षात निघाले तिघं. बाकीच्यांनी दारं लावून घेतली. त्या तिघांचे बैल गेले ते परत आले नाहीत. देवचंद त्या तिघांतला एक. खेमराज दार लावून बसलेल्यांतला.

म्हणून या खेपेला बकारामनं तलावाचा कायदा पुढे केला. तलाव वाडवडिलांनी बांधलेला, आणि त्याची पार, म्हणजे मातीची लांबलचक पाळ, फुटायला आली की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावतो. एक घर जरी आलं नाही तरी बाकीचे टोपल्या खाली ठेवतात. मग कोणीतरी जाऊन त्या घरच्याला हाताला धरून आणतं, आणि तेव्हाच माती पडायला लागते. जंगलात जायचं तर असंच, असं ठरलं. सगळे, नाहीतर कोणीच नाही. प्रत्येक घरच्या माणसानं पारीवर उभं राहून मोठ्यानं सांगायचं, "माह्या घरचा हात उठनार नाई." ज्यानं तालमीत मार सोसून दाखवला त्यालाच हे बोलायचा हक्क.

आता खेमराजचा राग. लोकांचा राग नाकावर असतो, खेमराजचा हातात होता. देवरीच्या बाजारात एकदा बैलाच्या दातांवरून वाद झाला, तेव्हा त्यानं विकणाऱ्याचेच दोन दात ढिले केले होते. अशा माणसाला मार खायला बसवण्यापेक्षा मार द्यायला उभा करावा, हा बकारामचा हिशेब. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. हा दांडा गावानं आपल्या हातानं बसवून घेतला होता. आणि खेमराज फौजदार असा रंगवायचा की सुरुवातीला सणकाड्या मोडून मोडून संपल्या, तेव्हा वेळूच्या काठीला चिंध्या गुंडाळाव्या लागल्या. त्याचा हात गावाच्या कामी आला असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते त्याला मनापासून आवडलं होतं.

देवचंद उठला, पाठ चोळत बाजूला झाला. त्यानं पारीवर उभं राहून आपल्या घरचं वाक्य म्हटलं. बकाराम समाधानानं म्हणाला, "झालं. सारे घरं झाले."

"कसे झाले?" धुरपताबाई म्हणाली. ती म्हातारी विधवा, तिच्या घरात तीच एक, म्हणून ती स्वतः तालमीला बसली होती आणि मार खाताना फौजदारालाच चार शब्द सुनावून मोकळी झाली होती. "अना ह्या फौजदाराच्या घरचं कोन?"

सगळे खेमराजकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मार देणारा माणूसही कोणत्यातरी घरचा असतो, हे सगळं गाव विसरलं होतं.

"मी हाये नं," खेमराज म्हणाला.

बकारामनं डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं.

"सांजच्याले नंदलालभाऊ येऊन राहिला गोंदियाहून," तो शेवटी म्हणाला. "गावाचा होकार त्याले आजच पायजे. त्याच्यापुढं तू बसजो. देवचंद मारन."

"देवचंदच काऊन?"

"उद्या पोलीस तुले इचारून मारनार हाये का?"

खेमराज घरी आला तेव्हा कुंदाबाई चुलीपुढे होती. दोघी लेकी ओसरीवर खडे खेळत होत्या. बापाची चाहूल लागताच त्यांनी खडे ओच्यात भरले आणि मागच्या दारानं निघून गेल्या. खेमराजला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्या रोजच जायच्या.

त्यानं शिळ्या भाताला हात लावला आणि ताट सरकवलं. अंगणात जाऊन आला. पुन्हा आत आला. त्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. उद्या गाव जंगलात गेलं नाही तर ते एकट्या त्याच्यामुळे जाणार नव्हतं, आणि दोन वर्षांपूर्वीचं लावलेलं दार पुन्हा एकदा त्याच्याच कपाळी येणार होतं. तेव्हा तो भ्याला होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं त्याला पक्कं माहीत होतं. पोलिसांना तो आता भीत नव्हता. तो भीत होता आपल्या हाताला.

"कुंदे," तो म्हणाला, "थे कोपऱ्यातली काठी आन."

कुंदाबाईचा पळा भातात थांबला. मग ती उठली आणि काठी घेऊन आली. ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली. खेमराज अंगणात उकिडवा बसला आणि त्यानं गुडघ्यांना मिठी घातली.

"मार."

ती तशीच उभी.

"मार म्हनून राहिलो नं. सराव पायजे मले. पाठीवर मार."

कुंदाबाईनं काठीचं टोक जमिनीला टेकवलं. तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. ती बराच वेळ बघत होती.

"मले नाई जमत," ती म्हणाली.

"काऊन नाई जमत? हात नाई का तुले?"

"हायेत."

तिनं काठी कोपऱ्यात नेऊन ठेवली. "भात करपते," असं म्हणून ती चुलीकडे वळली. खेमराज ताडकन उठला आणि पाण्याची गुंडी लाथेनं उडवली. गुंडी भिंतीवर आदळून जिथं थांबली तिथून कुंदाबाई आधीच बाजूला झाली होती. तो बाहेर पडला आणि संध्याकाळपर्यंत पारीवर येरझाऱ्या घालत राहिला.

उन्हं तलावाच्या पाण्यावर आडवी आली तेव्हा नंदलालची सायकल दिसली. गोंदियाचा हा तरुण खादीवाला दिवसभर गावं पालथी घालत आला होता आणि त्याला बसायला सवड नव्हती. चिचगडच्या वाटेवरची गावं पुढे वाट बघत होती. तिथले लोकही याच झाडीतले. खालचं गाव येतं की नाही हे कळल्याशिवाय ते विळ्याला हात लावणार नव्हते. एका गावाचा दगड निसटला की वरचे आपोआप घरंगळणार, आणि नंदलालला ते चांगलंच ठाऊक होतं.

"देखो भाऊ," तो सायकल धरूनच म्हणाला, "माझ्याकडे टाइम नाही. सब घर तयार हाये का?"

"एक राहिलं," बकाराम म्हणाला. "आता होते."

खेमराज कोट-पगडीशिवाय मधोमध बसला. सगळं गाव भोवती होतं. पुरुष पुढे, बाया मागे, पारीच्या उतारावर. देवचंदनं काठी घेतली, तळहातावर तोलली, आणि पहिला फटका घातला. खेमराज हलला नाही. दुसरा घातला. खेमराजच्या मानेची शीर फुगली, पण हात गुडघ्यांवरच होते. लोकांनी श्वास सोडला. कोणीतरी "शाब्बास" म्हणालं. खेमराजला वाटलं, जमलं, हे जमण्यासारखं आहे, उगाच आपण इतके दिवस स्वतःला भ्यालो.

"बोलून पन मार," नंदलाल म्हणाला. "पोलीस गुपचूप नाही मारत. ते आधी दिलाला मारतात."

देवचंदनं काठी खाली केली. तो काही क्षण खेमराजकडे बघत राहिला. वळ त्याच्याही पाठीवर होता आणि तो ताजा होता.

"दोन सालाआधी दार लावून कोन बसला होता गा?" तो सावकाश म्हणाला. "माहे बैल नेले तवा बायकोच्या लुगड्यामागं कोन..."

वाक्य पुरं झालंच नाही. खेमराज उठला केव्हा, काठी हिसकली केव्हा, देवचंद खाली पडला केव्हा, हे कोणालाच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की देवचंद मातीत उताणा होता, खेमराजचा गुडघा त्याच्या छातीवर होता, आणि देवचंदचे दोन्ही हात, तालमीत शिकवले होते तसे, आपल्याच छातीशी बांधलेले होते. त्यानं ते सोडले नाहीत.

चौघांनी खेमराजला ओढून बाजूला केलं.

लोक उठले, मागची माती झटकू लागले. बैल आता हाडं दाखवतच दिवाळी बघणार होते. "एका हातापायी," कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

"जाने दो," नंदलाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुमचं गाव या टाइमाला राहू द्या. जबरदस्तीनं आणलेला हात तिथं उठला तर गोळी चालते. पुढच्या गावाला मी सांगतो काहीतरी."

"अजून एक डाव," खेमराज म्हणाला. "बकारामबावा, एकच डाव. आता नाई उठनार."

बकारामनं त्याच्याकडे पाहिलं नाही. खेमराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला खरोखरच वाटलं. पण तलावाची पार भक्कम होती.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कुंदाबाई उतरून आली. ती घराकडे चालली असेल असं समजून पुरुषांनी वाट दिली. ती मधोमध आली आणि खेमराज बसला होता त्याच जागी खाली बसली.

"माह्या घरून मी जातो," ती म्हणाली.

"तू?" बकाराम म्हणाला.

"पार फुटते तवा टोपली कोन उचलते? घरटी एक मानूस म्हनलं होतं तुमी. बाप्याच पायजे असं नव्हतं म्हनलं."

"मी नाई का बसलो?" धुरपताबाई मागून म्हणाली.

बकारामनं नंदलालकडे पाहिलं. नंदलालनं सायकल झाडाला टेकवली. "बाया सगळीकडे येऊन राहिल्या," तो म्हणाला. "चांगलंच हाये. पन वहिनी, परीक्षा सबको द्यावी लागते. तुमालाही."

"घ्या नं."

देवचंद कपडे झटकत उभा होता. कोणीतरी काठी त्याच्या पुढे केली. तो मागे सरला. "दुसऱ्याच्या बाईवर हात उचलू का मी?" तो म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं. काठी या हातातून त्या हातात गेली. ज्यानं त्यानं ती पुढे सरकवली. शेवटी बकारामनं ती घेतली आणि खेमराजच्या हातात दिली.

"फौजदार तूच होता," तो म्हणाला. "साऱ्यायची परीक्षा तूच घेतली. हेही घे."

कुंदाबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. मग कानातली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. हातातल्या काचेच्या बांगड्या, ज्या एरवी मनगटाशी वाजत, त्या तिनं एकेक करून वर चढवल्या, दंडाकडे, जिथं त्या फुटणार नाहीत. तालमीत सगळ्यांना शिकवलं होतं की डोकं गुडघ्यांत घालायचं आणि पाठ कमानीसारखी करायची. तिनं तसं केलं नाही. तिनं तोंड उजवीकडे वळवलं, हनुवटी आत घेतली आणि डावा खांदा थोडा वर उचलून पुढे दिला. तिचं सगळं अंग त्या खांद्यामागे गेलं. मग तिनं श्वास सोडला आणि ती स्वस्थ झाली.

"वा!" नंदलाल मनापासून म्हणाला. "हे तर पहिलेसेच तयार हायेत. अशीच बैठक पाहिजे, डोकं वाचते. कोनी शिकवलं वहिनींना?"

बकारामचं घर खेमराजच्या भिंतीला लागून होतं. तो तलावाकडे बघू लागला. बायांनी माना खाली घातल्या. देवचंदनं एकदा त्या खांद्याकडे पाहिलं, एकदा खेमराजच्या हाताकडे, आणि नजर फिरवली. नंदलालनं सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मग त्यालाही समजलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

खेमराज काठी धरून उभा होता. गावातल्या प्रत्येक पाठीवर त्यानं ती हाणली होती. ती त्याला या घडीला उचलवेना. तो डावा खांदा त्यानं आजवर कधी नीट पाहिला नव्हता. तो नेमका तिथं का आला आहे हे मात्र त्याच्या हाताला माहीत होतं, आणि आता ते गावालाही माहीत झालं होतं. त्याला काठी टाकून पळावंसं वाटलं.

"काऊन थांबले?" कुंदाबाई तोंड न फिरवता म्हणाली. "लोक खोळंबले."

काठीचं टोक हळूहळू खाली आलं आणि मातीला टेकलं.

"झाली परीक्षा," बकाराम घाईघाईनं म्हणाला. "उठ कुंदा. पारीवर उभी राहा अना सांग साऱ्यायसारखं. नंदलालभाऊले उशीर होऊन राहिला."

कुंदाबाई उठली नाही. तिनं पदर थोडा मागे घेतला आणि पहिल्यांदाच सगळ्यांकडे सरळ पाहिलं.

"मी सांगतो. पन आधी यायनं सांगावं," ती खेमराजकडे मान करून म्हणाली. "उद्या मले धरून नेलं तर कवा सोडतीन काय मालूम. घरी दोन पोरी हायेत. माह्या घरचा हात उठनार नाई, हे मी कशी म्हनू? माहा हात तर कधी उठलाच नाई."

नंदलालनं सायकलीचं हँडल धरलं होतं, पण तो हलला नाही. पुढची गावं वाट बघत होती. मघा याच माणसाच्या हातावर सगळं अडलं होतं, आणि ते अजूनही तिथंच अडलेलं होतं.

खेमराजनं बायकोकडे पाहिलं. ती रागावलेली दिसत नव्हती. पाट फोडायच्या आधी माणूस पाण्याच्या पाळीची वाट बघत बसतो तशी ती बसली होती. त्यानं काठी खाली ठेवली. तो पारीवर चढला. सगळ्यांनी जिथं उभं राहून सांगितलं होतं तिथं तो उभा राहिला, आणि त्याचे ओठ हलले.

"आयकू नाई आलं," धुरपताबाई म्हणाली.

खेमराजनं घसा खाकरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

"माह्या घरचा हात उठनार नाई," तो म्हणाला. या वेळी ते पारीच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. मग कुंदाबाई उठली, लुगड्याची माती झटकली, आणि आपलं वाक्य सांगायला वर चढू लागली.